मावळतीच्या आत

आव्वानं अन्न सोडायचं ठरवलंय आणि त्यासाठी राजमतीची क्षमा पाहिजे, हे ऐकल्यावर राजमतीला आधी हसूच आलं. गिरणीचा पट्टा चालू, जोंधळ्याचं पीठ केसांत नि भुवयांत, गिऱ्हाइकांचे डबे ओळीनं मांडलेले, आणि दारात ही पोरगी, स्कूटीची किल्ली बोटात फिरवत उभी.

"आत्या, मी आदिती. तुम्ही मला कधी बघितलेलं नाही. भूपाल मगदुमांची मुलगी."

राजमतीनं पट्टा बंद केला. बघितलेलं नव्हतं, खरं आहे. या पोरीच्या बारशाचे पेढे कुणा ओळखीच्या बाईनं मुद्दाम गिरणीत आणून दिले होते, ते राजमतीनं दळण न्यायला आलेल्यांना वाटून टाकले. स्वतः एक कण तोंडात घातला नव्हता. पण नाक आव्वाचं होतं, राजमतीच्या आईचं, सरळ नि शेंड्याला जरा वर उचललेलं. ते काय लपतंय होय?

"काय काम काढलंस?"

"आज्जी सल्लेखना घेतेय. आज दुपारच्या सामायिकानंतर, ध्यान आटोपलं की मंदिरातल्या आर्यिका माताजी घरी येणार आहेत, व्रताचा नियम द्यायला. त्याच्या आधी आज्जीनं घरातल्या सगळ्यांची क्षमा मागायची आणि सगळ्यांनी ती मनापासून द्यायची. कुणाच्या मनात काही सलत राहिलं असेल, तर माताजी नियम देणार नाहीत." पोरीनं किल्ली मुठीत धरली. "तुमच्या मनात राहिलंय, हे घरात सगळ्यांना माहीत आहे."

हसू आलं ते इथं.

"म्हणून बापानं धाडलं व्हय तुला? क्षमा गोळा करायला?"

"पप्पांनी सांगितलंय, आत्याला घेऊन ये. पण मी त्यासाठी नाही आले." आदिती एकदम पुढं आली, पिठानं भरलेला राजमतीचा हात तिनं धरला. "आत्या, तुम्ही नाही म्हणा. तिच्या किडन्या गेल्यात, पण डायलिसिस सुरू केलं तर वर्ष-दोन वर्षं काढेल, डॉक्टरच म्हणालेत. ती कुणाचं ऐकत नाही. पप्पा म्हणतात, तिची इच्छा. दादाचं तर विचारूच नका. तिला अडवू शकेल असं या जगात एकच माणूस आहे, ते म्हणजे तुम्ही."

काय पण मान मिळाला! ज्या बाईनं एका शब्दानं अडवलं नाही, तिला अडवायला आता राजमती पाहिजे. राजमतीनं तोंडावर पाणी मारलं, साडी बदलली, गिरणीचं शटर ओढलं आणि पोरीच्या मागं स्कूटीवर बसली. नाही म्हणायला निघाली होती की हो म्हणायला, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. जायचं मात्र होतं. एकदा समोर उभं राहून त्या बाईला विचारायचं होतं.

उचगाव ते राजारामपुरी म्हणजे काय अंतर आहे का हो? हायवे ओलांडला की कोल्हापूरच. रिक्षावालासुद्धा कुरकुर करत नाही. तेवढं अंतर तीस वर्षांत मगदुमांच्या घरातल्या कुणाच्यानं तोडवलं नव्हतं. बाजारात भूपाल दिसायचा, खताच्या दुकानात पोती मोजून घेताना, आणि राजमती रस्ता बदलायची. एकदा तर दोघं एकाच लग्नाच्या पंगतीत पाठीला पाठ लावून जेवले होते. ताटातली जिलेबी संपेपर्यंत दोघांनाही कळत होतं मागं कोण आहे, आणि दोघंही हात धुऊन आपापल्या वाटेनं गेले.

मूळ दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं, उच्चारत कुणी नव्हतं. राजमतीला आजऱ्याला दिलेली. घर श्रीमंत, काजूचा कारखाना, आणि नवरा हात उचलणारा. सातवा महिना लागला तेव्हा मार सोसेना, म्हणून ती सकाळच्या एसटीनं माहेरी आली. दशलक्षण पर्वाचे दिवस. आव्वानं दहा उपवास धरले होते, त्यात मौन. राजमती तिच्या पुढ्यात बसली, पदर सरकवून पाठ दाखवली, सगळं सांगितलं आणि म्हणाली, आव्वा, मला परत धाडू नको. आव्वा चटईवर बसून होती, हातात माळ. तिनं ऐकलं. बोलली नाही. मानही हलवली नाही. दुपार टळेपर्यंत राजमती तिच्या तोंडाकडं बघत बसली, की आता बोलेल, आता बोलेल. मग भूपाल आत आला आणि म्हणाला, चल, सोडतो तुला. त्यानं तिला स्टँडवर नेऊन आजऱ्याच्या गाडीत बसवलं.

त्याच आठवड्यात नवऱ्यानं जिन्यावरनं ढकललं. मुलगा होता. कोल्हापूरच्या दवाखान्यातल्या शहाजादीबी नावाच्या आयाबाईनं तिला बरं झाल्यावर विचारलं, कुठं जाणार बाई? तर राजमतीला सांगायला जागा नव्हती. शहाजादीबीनं तिला आपल्या घरी उचगावला नेलं, आपल्या गिरणीत उभं केलं, आणि मरताना ती गिरणीही तिच्या हवाली केली. अशी ही सगळी कहाणी.

राजारामपुरीतल्या भूपालच्या फ्लॅटचं दार उघडंच होतं. चपलांचा ढीग बाहेर नव्हता, म्हणजे माताजी अजून आल्या नव्हत्या. हॉलमधला सोफा गॅलरीत हलवलेला, फरशी धुऊन काढलेली, मधोमध लाकडी पाट. भूपाल खिडकीशी उभा होता. पांढरा पायजमा-सदरा, केस पार पांढरे. राजमतीला वाटलं, अरे, हा तर आपला बाप उभा आहे.

"आलीस व्हय," तो म्हणाला.

"बोलावलंस म्हणून आले."

"बस की. पाणी घे."

"घरातनं पिऊन निघालेय."

झालं. तीस वर्षांनी भेटलेल्या बहीण-भावाचं एवढं बोलणं. तेवढ्यात आतल्या खोलीतनं भूपालचा मुलगा अनेकांत आला, मोबाइल पुढं धरून. गोरापान, उंच, घाईत.

"जय जिनेंद्र, आत्या! बरं झालं आलात. हे बघा, फ्लेक्सचं डिझाइन आलंय. आज्जीचा हा फोटो कसा वाटतोय? खाली परिवारात तुमचं पण नाव घातलंय मी. 'राजमती, कन्या' म्हणून."

राजमतीनं बघितलं. आव्वाचा फोटो, मागं मंदिराचं शिखर, कमळं, आणि खाली नावं. तीस वर्षांत घरच्या माणसांत तिचं नाव कुठं आलं नव्हतं, ते आता फ्लेक्सवर आलं.

"ती जिवंत हाय ना रे अजून?"

"आत्या, याला मरण म्हणत नाहीत. समाधी आहे ही. किती भाग्याचं असतं, आख्खा समाज दर्शनाला येतो."

"दादा, तुला लाज वाटते का?" आदिती दारातनं ओरडली. "उपचार असताना नाही करायचे आणि फ्लेक्स लावायचे!"

"तुला धर्मातलं काय कळतंय?"

"धर्मातलं नसेल कळत. तिचे रिपोर्ट कळतात मला. आणि रोज तिचे पाय दाबते ना, ते कळतं."

"गप्प बसा दोघंबी!" भूपालचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "ती ऐकतीय आतनं. मी सांगितलं व्हय तिला घे म्हणून? तिनंच ठरवलं. दोन महिने मी नको नको म्हणतोय. आता माझ्यात ताकद न्हाई तिच्याशी भांडायची. आयुष्यभर तिनं एक नियम मोडला न्हाई, आता शेवटाला माझ्यासाठी मोडंल व्हय?"

विमल वैनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं राजमतीला नुसतं डोळ्यांनी आत बोलावलं. गॅसवर पातेलं होतं, वर ताट झाकलेलं.

"पेज करून ठेवलीया, वन्स. मीठ न घालता," वैनी कुजबुजली. "कालपासनं काही घेतलं न्हाई त्यांनी. नियम मिळाला की मग खाणं बंदच, हळूहळू पाणीबी बंद. न्हाई मिळाला तर मावळतीच्या आत भरवीन म्हणून ठेवलीया. दिवस मावळला की मग काय खरं न्हाई, अंधार पडल्यावर त्या थेंब घ्यायच्या न्हाईत." तिनं पदरानं डोळे टिपले. "माझं काय चालतंय या घरात? पोरीनं तुम्हाला सांगितलंच असंल. तुम्ही काय ते करा."

म्हणजे आई आणि मुलगी एका बाजूला, बाप आणि मुलगा दुसऱ्या बाजूला, आणि सगळ्यांना राजमतीच्या तोंडातला शब्द पाहिजे. तिच्या शब्दाला या घरात कधी नव्हे ती किंमत आली होती. राजमतीला त्याचा आनंद नाही झाला, उलट डोकं भणभणलं. ती तरातरा बाहेर गेली.

"अण्णा, मला एक सांग. त्या दिवशी आव्वाचं मौन होतं, मान्य. तुझं होतं व्हय?"

भूपालनं खिडकीची कडी लावली, परत काढली.

"तू बोलत होतास की. 'चल, सोडतो' म्हणालास. माझी पाठ तूबी बघितली होतीस."

"आव्वा काही बोलली न्हाई," भूपाल म्हणाला. "मला वाटलं, तिला पसंत न्हाई तू राहिलेली. मी काय तिच्या पुढं जाणार? त्या वयात अक्कल किती असती माणसाला..."

"मला किती होती मग? मी तुझ्यापेक्षा धाकटी."

भूपालनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "राजू, मला काय वाटलं नसंल व्हय? आजऱ्याच्या बाजूची गाडी दिसली की आजबी तोंड फिरवतोय मी. पण ती आता जायला बसलीया. तोंडदेखलं म्हण, केली क्षमा. दोन शब्द फक्त. तिचा जीव मोकळा होऊ दे. संध्याकाळी अनेकांत तुला गाडीनं सोडंल घरी."

"सोडायची लई हौस रे तुम्हा लोकांना," राजमती म्हणाली.

खाली कुणीतरी जयजयकार केला. माताजी आल्या. पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिंछी, मागं कमंडलू घेतलेली एक बाई. वयानं राजमतीपेक्षा लहानच असाव्यात, पण सगळे वाकले, तशी राजमतीही वाकली. माताजी पाटावर बसल्या. मग भूपाल आणि अनेकांतनं आव्वाला खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं.

राजमतीच्या डोक्यात इतकी वर्षं एक थोराड बाई होती, रुंद कपाळाची, खांद्यावरनं पदर घेतलेली, जिच्यापुढं बोलायची टाप नव्हती कुणाची. खुर्चीत होतं ते मूठभर माणूस. पाय मात्र सुजून टम्म झालेले. आव्वानं हळूहळू सगळ्यांकडं बघितलं, आणि राजमतीवर नजर आल्यावर ती तिथंच थांबली.

"प्रभावतीबाई," माताजी म्हणाल्या, "तुमची इच्छा तुमचीच आहे ना? कुणाचा आग्रह, कुणाचा कंटाळा, कुणावर राग, असं काही नाही?"

"न्हाई माताजी. इच्छा माझीच."

"मग क्षमा मागा. आणि ज्यांनी द्यायची, त्यांनी मनात काही न ठेवता द्या. शल्य घेऊन बसलेल्याला हे व्रत नाही."

आव्वानं हात जोडले. ते नीट जुळत नव्हते, बोटं वाकडी झालेली. "भूपाल, मनानं, वचनानं, कायेनं तुझा काही अपराध माझ्याकडनं झाला असंल, तर क्षमा कर." भूपाल रडतच "क्षमा" म्हणाला. मग विमल, मग अनेकांत. आदितीची पाळी आली तेव्हा तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि मोठ्या आशेनं राजमतीकडं बघितलं. आव्वा म्हणाली, "पोरी, तुझा राग माझ्यावर न्हाई, माझ्या मरणावर हाय. तो राहू दे." माताजींनी चालेल म्हणून मान डोलावली.

"राजी," आव्वा म्हणाली.

या नावानं हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं.

"माझ्याकडनं तुझा अपराध झाला असंल, असं मी म्हणणार न्हाई. झालाय. मला ठाऊक हाय. क्षमा कर."

सगळी खोली राजमतीच्या तोंडाकडं बघत होती. आदिती मान हलवत होती, नाही म्हणा, नाही म्हणा. भूपालनं हात जोडले होते. आणि राजमतीच्या मनात काय आलं सांगू? वाईट आलं. तिला वाटलं, जाऊ दे की हिला. इथं मी माझ्या पोटातल्या पोराला घेऊन बसले होते तेव्हा ही हलली नाही. आता हिला जायचंय, मी कशाला मध्ये पडू? जा बाई, एकदाची जा, आणि मलाही सोड.

"केली," ती म्हणाली. "केली क्षमा."

आदिती मटकन खाली बसली. माताजींनी पिंछी उचलली.

"थांबा माताजी," आव्वा म्हणाली. "हिनं दिली न्हाई."

"अगं आव्वा, दिली की! सगळ्यांनी ऐकलं," भूपाल म्हणाला.

"तोंडानं दिली. माझी लेक हाय ती, मला कळतंय." आव्वाला धाप लागली. "माताजी, मला जरा हिच्याशी बोलू द्या. एकटीशी."

माताजींनी खिडकीबाहेर बघितलं. ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढलं होतं. "बोला. मी बसले आहे. पण मला अंधार पडायच्या आत मंदिरात पोचायला हवं."

खुर्ची पुन्हा आतल्या खोलीत गेली. दार लोटलं. आत औषधांचा वास होता, आणि पलंगावर घडी घातलेली स्वच्छ पांढरी चादर. राजमती उभीच राहिली.

"खरं सांग आता," आव्वा म्हणाली.

"खरं ऐकायचंय? न्हाई केली. कशी करू? मी तुला सांगितलं होतं ते मारतात म्हणून. तुझ्या पुढ्यात बसून सांगितलं होतं. एक शब्द, आव्वा! 'राहा.' एवढाच. तुझं व्रत मोडलं असतं, बाकी काय झालं असतं? पुढच्या वर्षी परत धरलं असतंस की. तुझं व्रत माझ्या जिवावर का?"

"ते मौन तुझ्यासाठी होतं," आव्वा म्हणाली.

"काय?"

"तुझं पहिलटपण. आजऱ्याचं माणूस चांगलं न्हाई, हे माझ्या कानावर आलंतं. मी देवाजवळ संकल्प केला, पर्वाचे सगळे दिवस मौन पाळीन, माझ्या राजीची सुखरूप सुटका होऊ दे. आपल्या धर्मात असलं देवाणघेवाणीचं मागू नये म्हणत्यात, पण मी मागितलं. तू आलीस तवा थोडेच दिवस राहिलते. मला भ्या वाटलं. आता बोलले आणि व्रत मोडलं, तर पोराला काय व्हईल? मनात म्हटलं, पारणं झालं की त्याच दिवशी भूपालला धाडून आणून घेईन, मग कधीच परत पाठवणार न्हाई. मी तोंड दाबून बसले, राजी. आणि पारण्याच्या दिवशी निरोप आला."

राजमतीच्या अंगाचा नुसता जाळ झाला.

"म्हणजे तेबी माझ्याच डोक्यावर? माझ्यासाठी गप्प बसलीस, म्हणून माझं पोर गेलं? हे घालू नको माझ्या नावावर, सांगून ठेवते! दवाखान्यात का आली न्हाईस मग? नंतर का आली न्हाईस?"

"कुठल्या तोंडानं यायचं? तुला काय सांगायचं, मी व्रत पाळलं म्हणून?" आव्वाच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते पुसायला तिचा हात वर जात नव्हता. "तुझ्या नावावर घालत न्हाई. सगळं माझं हाय. तू विचारलंस, म्हणून सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं आजवर, तुझ्या आप्पालाबी न्हाई."

बाहेर कुणीतरी खाकरलं. रस्त्यावर क्लास सुटल्याचा पोरांचा गलका होता. राजमती पलंगाच्या कडेला बसली.

"राजी," आव्वानं हळू विचारलं, "नाव ठेवलंतंस व्हय त्याला?"

असं काही कुणी विचारेल, हे राजमतीच्या स्वप्नातही नव्हतं. तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. शहाजादीबीनं एवढी माया लावली, पण तिनंही नाही.

"ठेवलंय," ती म्हणाली. "मनातल्या मनात. सन्मती म्हणते मी त्याला."

"सन्मती," आव्वा म्हणाली. आणि परत एकदा, "सन्मती. मगदुमांचा नातू."

राजमती रडायला लागली. गिरणीच्या आवाजात रडायची सवय होती तिला. इथं आवाज नव्हता, म्हणून पदर तोंडात कोंबला. आव्वानं तिला उगी केलं नाही. मग ती म्हणाली, "विमलला हाक मार. पेज आण म्हणावं."

"काय?"

"माताजींना सांग, नियम नको. तुझ्या मनात काटा ठेवून मला जायचं न्हाई. आणि आदितीला म्हणावं, उद्या ने मला त्या मशिनीवर." तिनं डोळे मिटले. "मला ते नको होतं, राजी. लई जीव कावलाय माझा. सुया बघितल्या तरी अंग कापतंय. मी सगळं आवरून बसलेते, निजायला जावं तशी. पण राहीन. तू देईपर्यंत राहीन. वर्ष लागू दे, दोन वर्षं लागू दे."

हे ऐकून घरात काय झालं ते काय सांगावं! आदितीनं आज्जीच्या सुजलेल्या पायांवर डोकं टेकलं आणि लगेच फोन लावायला गॅलरीत पळाली. अनेकांत फ्लेक्सवाल्याला काय सांगायचं म्हणून मोबाइलकडं बघत बसला. भूपाल राजमतीच्या अंगावर धावून आला, "झालं समाधान? शेवटालासुद्धा सूड उगवलास तिच्यावर!" आणि विमल वैनीनं, ज्या बाईनं आयुष्यात नवऱ्यापुढं ब्र काढला नव्हता, त्याच्या दंडाला धरून त्याला मागं ओढलं. माताजी शांतपणे उठल्या. आव्वाच्या डोक्यावर पिंछी धरली आणि म्हणाल्या, "योग्य केलंत. मन मोकळं झालं की कळवा." राजमतीकडं त्यांनी एकदा बघितलं आणि त्या निघाल्या.

वैनीनं पेजेचं वाटगं राजमतीच्या हातात दिलं. "तुम्हीच भरवा, वन्स. लवकर. दिवस किती राहिलाय बघा."

समोरच्या गच्चीवरच्या टाकीला ऊन लागलेलं होतं, बाकी सगळीकडं सावली. राजमतीनं चमचा पुढं केला. आव्वानं तोंड उघडलं. घोट घशाखाली जाईना, कपाळाला आठ्या पडल्या, मान एकीकडं झाली. तरी तिनं तो उतरवला आणि परत तोंड उघडलं. कधीपासून या अंगाला खायची वासना उरली नव्हती, ते बघणाऱ्याला कळत होतं. एकेक चमचा ती राजमतीसाठी गिळत होती.

आणि तेव्हा राजमतीच्या आतलं ते सुटलं. तिनं काही केलं नाही, ठरवलं नाही. इतकी वर्षं घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी आपसूक सैल झालं, आणि तिला स्वच्छ कळलं, की आपला राग गेला. शोधला तरी सापडेना. दोन शब्द ओठांपर्यंत आले. आव्वा, केली क्षमा. आता खरी.

गॅलरीतनं आदितीचा आवाज येत होता. "हो डॉक्टर, उद्या सकाळी. तयार झालीय ती. हो, स्वतःहून!"

राजमतीनं वाटग्यात बघितलं. हे शब्द उच्चारले, की आव्वा हसेल, हात जोडेल आणि वाटगं बाजूला सारेल. नाही उच्चारले, तर उद्यापासून सुया.

आव्वा तिच्या तोंडाकडंच बघत होती. ओठांना पेज लागलेली.

"राजी," तिनं विचारलं, "अजून न्हाई ना?"

"न्हाई," राजमती म्हणाली. "अजून न्हाई."

आणि तिनं पुढचा चमचा भरला. आव्वा बराच वेळ तिच्या डोळ्यांत बघत राहिली. मग तिनं तोंड उघडलं.